मुलीचं हिमोग्लोबिन ९.१ वरून वर आणताना

दीड वर्षाच्या आमच्या मुलीचं हिमोग्लोबिन ९.१ आलं. आपल्याकडे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ११ च्या खाली रक्तक्षय धरतात. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि त्याखाली तीव्र. लक्षणं म्हणजे मंदावलेली भूक, सततची किरकिर, पांढुरके तळवे आणि भिंतीचे पोपडे खाणं. माती किंवा पोपडे खाणाऱ्या मुलाला रागावू नका, आधी त्याचं रक्त तपासा.

आमच्याकडे मूळ कारण निघालं दूध. दिवसाला जवळजवळ लिटरभर, तेही बाटलीने. गाईम्हशीच्या दुधात लोह नगण्य असतं. शिवाय त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहाचं शोषण अडवतं आणि पोट भरलेलं असल्यामुळे मूल जेवत नाही. डॉक्टरांनी वरचं दूध दिवसाला ४०० ते ५०० मिली, म्हणजे दोन कप, एवढंच ठेवायला सांगितलं. अंगावरचं दूध चालू असेल तर ते तोडायचं कारण नाही.

खरी कसोटी इथे लागते. आम्ही दुपारची बाटली आधी बंद केली, मग संध्याकाळची आणि शेवटी रात्रीची. उरलेलं दूध कपातून, जेवणानंतर. पहिले काही दिवस मूल ना धड जेवतं, ना झोपतं, आणि घरातली मोठी माणसं हवालदिल होतात. "दूध तोडलंस तर पोरीच्या अंगाला काय लागणार?" असं सासूबाई म्हणाल्या. त्यांना अडवण्यापेक्षा, दूध बंद नाही, दोन कप रोज आहेच, आणि ते पाजायचं काम तुमच्याकडे, असं सांगितल्याने घर एका बाजूला आलं. भूक परतली की निम्मं काम झालं.

औषधाचा हिशेब पालकांनाही कळायला हवा. आम्हाला वजनाच्या किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम लोह सांगितलं होतं. १० किलोच्या मुलाला ३० मिलिग्रॅम. आमच्या थेंबांत मिलीला २५ मिलिग्रॅम होतं, म्हणजे रोज १.२ मिली. लेबलवर 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती ते बघा. क्षाराचं वजन वेगळं असतं आणि आकडा मोठा दिसतो. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं औषध दिलं तर मिलीमागचं प्रमाण बदलू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेवढेच थेंब देऊ नका. १५ मिलीची बाटली या मात्रेने १२ दिवसांत संपते. बाटली संपली म्हणजे उपचार संपला असं समजून बरेच जण तिथेच थांबतात आणि म्हणूनच मुलं पुन्हा त्याच आकड्यावर येतात.

थेंब जेवणाच्या तासभर आधी द्यावेत, वर दोन चमचे लिंबूपाणी. दूध, चहा, कॅल्शियमचं सिरप यांच्याबरोबर नको. उलटी होत असेल तर थोडं खाऊ घालून द्या, शोषण जरा कमी होईल पण औषध पोटात राहील. ड्रॉपर जिभेवर न धरता गालाच्या आतल्या बाजूला, मागच्या अंगाला धरायचा आणि हळूहळू दाबायचा. नंतर ओल्या फडक्याने दात पुसायचे, नाहीतर दातांवर काळसर डाग पडतात. ते वरवरचे असतात, निघतात. शी काळपट होते, त्याने घाबरू नये. ती डांबरासारखी चिकट असेल किंवा त्यात रक्त दिसलं तर मात्र लगेच दाखवा.

बीट, गूळ, खजूर यांच्या भरवशावर ९.१ चं ११ होत नाही. बिटाच्या रंगाचा रक्ताशी संबंध नाही, आणि नाचणी चांगली ती मुख्यतः कॅल्शियमसाठी. खाणाऱ्या घरात खिमा, कलेजी, मासे यांतलं लोह सर्वांत सहज अंगी लागतं. शाकाहारी घरात मोडाची मटकी, मसूर, अळीव, पालेभाज्या, आणि त्यावर दर वेळी लिंबू पिळलेलं. लिंबाचा कंटाळा करू नका, त्याने शोषणात मोठा फरक पडतो.

चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी. निदान १ ग्रॅमने वाढ दिसायला हवी, आमचं १०.४ आलं. वाढ झाली नाही तर आधी चुकलेले डोस आणि दुधाचं प्रमाण बघायचं, मग जंत. तेही ठीक असेल तर मूल थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहक आहे का, हे बघतात. रिपोर्टवरच्या एमसीव्हीला (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) आरबीसीच्या (तांबड्या पेशींची संख्या, दशलक्षांत) आकड्याने भागून उत्तर १३ च्या खाली आलं तर डॉक्टरांना नक्की विचारा. विदर्भात किंवा नंदुरबारकडे मूळ असेल तर सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचीही तपासणी करून घ्यावी.

हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं तरी औषध आणखी दोन-तीन महिने चालू ठेवायचं असतं, कारण शरीरातला साठा नंतर भरतो. आशाताई देतात ते आठवड्यातून दोनदा १ मिलीचं सिरप प्रतिबंधासाठी असतं. उपचार चालू असताना ते कधी थांबवायचं आणि पुन्हा कधी सुरू करायचं, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि बाटली कुलपात ठेवा. हे औषध गोड असतं आणि लहान मुलाने बाटलीभर प्यायलं तर जिवावर बेतू शकतं. सुरुवातीच्या उलट्या थांबून मूल काही तास बरं दिसतं आणि मग अचानक ढासळतं. म्हणून वाट न बघता, उलटी करवण्याचा खटाटोप न करता, रिकामी बाटली हातात घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठायचं.