मी बांधून घेतलं, का मले बांधलं?

मे महिन्यातली दुपार. बुटीबोरीतल्या एका कारखान्याचं कँटीन. पहिली पाळी नुकतीच सुटली होती, कूलर गरमच हवा फेकत होता आणि टेबलांवर आमच्या प्रश्नावल्या पसरल्या होत्या. मी औद्योगिक मानसशास्त्र शिकवते. व्यवस्थापनाला कामगारांची 'संस्थेशी बांधिलकी' मोजून हवी होती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं.

पन्नाशीतले एक ऑपरेटर बराच वेळ पहिल्याच पानावर थांबले होते. मी जवळ गेले, तसं त्यांनी शीर्षकावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे बांधिलकी म्हणजे काय जी? मी बांधून घेतलं, का मले बांधून ठेवलं?"

मी ठरलेलं उत्तर दिलं, तुम्हाला जसं वाटतं तसं भरा. ते भरत गेले. मनात आलं तरी आत्ता ही कंपनी सोडणं जड जाईल, अशा अर्थाचं एक विधान होतं. त्यापुढच्या १ ते ७ आकड्यांपैकी ७ भोवती, म्हणजे 'पूर्ण सहमत'भोवती, त्यांनी गोल केला आणि तो दोनदा गिरवला. "सात लिवलं. पण कंपनी आवडते असा मतलब काढू नका बरं. घराचा हप्ता हाय, पोरगी इंजिनिअरिंगले हाय. या वयात दुसरीकडं कोण घेते?"

वर्धा रोडनं परत येताना दुसरं काही सुचलंच नाही. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर मीच व्याख्या लिहिली होती: बांधिलकी म्हणजे कर्मचाऱ्याला संस्थेबद्दल वाटणारा आपलेपणा. प्रश्नावली मात्र घेतली होती मेयर, अ‍ॅलन आणि स्मिथ यांची १९९३ ची, १८ विधानांची. जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन यांनी १९९१ मध्येच बांधिलकीचे तीन घटक वेगळे केले होते: राहावंसं वाटतं, राहणं भाग आहे, राहायला हवं. त्या प्रश्नावलीत प्रत्येकाची सहा-सहा विधानं आहेत. आणि मी अठराही विधानांची बेरीज करून एकच आकडा देणार होते. व्याख्येत एकटा आपलेपणा, मोजमापात मात्र त्याच्यासोबत नाइलाज आणि कर्तव्यही!

हे मला माहीत नव्हतं असं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. माउडे, स्टीयर्स आणि पोर्टर यांच्या १९७९ च्या १५ विधानांच्या प्रश्नावलीबद्दल मी दरवर्षी वर्गात सांगते. त्यांच्या बांधिलकीच्या व्याख्येतच संस्थेत टिकून राहण्याची इच्छा आहे, आणि ती काही विधानांतही उतरली आहे. मग त्या गुणांचा नोकरी सोडण्याच्या इराद्याशी घट्ट संबंध दिसला, तर तो कितपत खरा धरायचा? तीच गोष्ट दोन नावांनी दोनदा विचारलेली असते. पोरं वहीत उतरवून घेतात. मी स्वतः मात्र घाईत चुकले.

रात्री जेवण तसंच ठेवून भरून आलेले प्रश्नावलीचे अर्ज काढले. अर्जांवर नावं नव्हती, पण एका अर्जाच्या शेवटच्या पानावर ग्रीसचा अंगठा उमटला होता आणि तो गिरवलेला ७ होता. तिन्ही भाग वेगळे केले. आपलेपणा ४२ पैकी १४, नाइलाज ४०, कर्तव्य २६. बेरीज ८०. गठ्ठा चाळताना आणखी एक ८० सापडला: आपलेपणा ३८, नाइलाज १५, कर्तव्य २७. एकाला कंपनी घरासारखी वाटते, दुसऱ्याचे पाय हप्त्यात अडकलेत, आणि माझ्या तक्त्यात दोघं एकाच ओळीत बसले असते. बराच वेळ मी ते दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले.

अहवाल दोन दिवस उशिरा गेला. व्याख्येचं पान मी नव्यानं लिहिलं, बेरजेचा रकाना काढून टाकला आणि तीन रकाने वेगळे दिले. व्यवस्थापकांना सादरीकरणासाठी एकच आकडा हवा होता. "लोकांना कंपनी आपली वाटते, एवढंच दाखवायचंय मॅडम," ते म्हणाले. मग मी फक्त आपलेपणाची सरासरी दिली, कारण त्या वाक्याला तेवढीच लागू पडत होती. ती त्यांच्या अपेक्षेपेक्षा कमी होती. ते दोन अर्ज दाखवायचे फार मनात होतं. पण ग्रीसचा तो अंगठा कुणाचा, हे तिथं कुणीही ओळखलं असतं, म्हणून फाइल मी बॅगेतच राहू दिली.