तीन बोटं

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात दर वर्षी आरोग्य तपासणी होते. वजन, बीपी, शुगर, डोळे, कान. तोंड मात्र कुणी उघडायला सांगत नाही. यंदा मी एचआरमध्ये हट्टच धरला आणि डेंटिस्ट बाईंना बोलावलं.

"तीन बोटं उभी धरून तोंडात घाला," त्या म्हणाल्या. प्रेसवरच्या आमच्या दादांची जेमतेम दोन गेली. सुपारीने गाल आतून ताठर होत जातात, मग तोंड पुरतं उघडत नाही. तिखट खाल्लं की होणारी आग दादा 'उष्णता' म्हणून खपवत होते! गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पुड्या कोपऱ्यावर मिळतातच. हिरड्या सुजलेल्या असल्या की शुगरही आटोक्यात आणणं अवघड जातं, हे मला नवंच.

दादांना मंगळवारची भरपगारी सुट्टी दिलीय. दवाखान्यात सोबत वहिनी जाणार आहेत, नाहीतर ते गावालाच पळायचे.