डेस्कटॉपचं वायफाय: काड्या पूर्ण, तरी नेट अडखळतं

मशीन: टेबलाखालचा डेस्कटॉप, विंडोज ११, मागच्या पोर्टात नखाएवढा यूएसबी वायफाय डोंगल. राउटर शेजारच्या खोलीत, मध्ये एक भिंत. तक्रार अशी की सिग्नल भरपूर, पण व्हिडिओ कॉल मध्येच गोठतो. त्याच टेबलावर मोबाइल मात्र सुरळीत.

नोंद १ – दोष कुणाकडे
ड्रायव्हरला (डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) हात लावण्याआधी कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडल्या. एकीत राउटरला पिंग, म्हणजे छोटी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते पाहणं (१९२.१६८.१.१, तुमच्या राउटरचा पत्ता आयपीकॉन्फिग कमांडच्या उत्तरात 'डीफॉल्ट गेटवे'समोर दिसतो), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. दोन्हीकडे शेवटी हायफन-टी, म्हणजे आपण थांबवेपर्यंत पिंग चालू राहतं. फक्त दुसरी अडखळली तर कॉम्प्युटर निर्दोष. इथे दोन्ही एकदमच अडखळल्या: राउटरचं उत्तर २ ते ४ मिलिसेकंदांत येता येता अचानक ३०० च्या वर, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. म्हणजे गडबड घरातल्या हवेतच. (कॉम्प्युटरचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तो आजार वेगळा.)

नोंद २ – टक्क्यांचा भ्रम
'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' ही कमांड दिली. सिग्नल ८६ टक्के. विंडोजच्या मोजपट्टीत उणे १०० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) म्हणजे शून्य टक्के आणि उणे ५० म्हणजे शंभर. टक्के निम्मे करून १०० वजा करा: उणे ५७. उत्तमच म्हणायचं. पण हा आकडा राउटरचा आवाज किती मोठा ऐकू येतो एवढंच सांगतो, आसपास गोंगाट किती ते नाही. चालू मिक्सरशेजारी उभं राहून कुणी कितीही मोठ्याने बोललं तरी शब्द कळत नाहीत, तसं. खूण त्याच कमांडच्या उत्तरात होती: सिग्नल जागच्या जागी, 'रिसीव्ह रेट' (डेटा येण्याचा वेग) मात्र खाली घसरलेला.

नोंद ३ – चॅनल
राउटरचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; प्रत्येकात चॅनल नावाच्या मार्गिका. २.४ गिगाहर्ट्झवर राउटर चॅनल ६ वर होता आणि शेजारचे बरेचसे राउटरही तिथेच. ११ वर नेला, रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. मोकळं दिसतं म्हणून ३ किंवा ४ निवडू नका. चॅनलांमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि सिग्नलची रुंदी २०, त्यामुळे १ आणि ६ दोन्हींचा त्रास होतो. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळी धरतात; अर्धवट एकमेकांवर आलेल्यांना तेही नीट जमत नाही. फरक पडला, पण थोडाच.

नोंद ४ – खरा चोर
पिंग उसळत होतं ते नेमकं बाहेरच्या डिस्कवर कॉपी चालू असताना. डिस्क यूएसबी ३ ची, डोंगलच्या अगदी शेजारच्या पोर्टात. सेकंदाला ५ गिगाबिटने धावणाऱ्या यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र टिपणच काढलं होतं. डिस्क काढली, पिंग शांत. लावली, पुन्हा थयथयाट. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

उपाय: एक मीटरची यूएसबी २ एक्स्टेन्शन केबल, डोंगल टेबलावर, डिस्क पुढच्या पोर्टात. डोंगल पत्र्याच्या कॅबिनेटमागून बाहेर आला हा वरचा फायदा. आता कॉपी चालू असतानाही पिंग ५ मिलिसेकंदांच्या आत. डिस्क यूएसबी २ पोर्टात लावूनही गोंगाट जातो, पण मग कॉपी रांगत चालते.

नोंद ५ – ५ गिगाहर्ट्झ
दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली. ५ वर डिस्कचा उपद्रव जाणवत नाही. चॅनल मुद्दाम ३६ ठेवला: ५२ पासून १४४ पर्यंतच्या चॅनलांवर राउटरला आधी रडार आहे का ते ऐकत थांबावं लागतं आणि रडार सापडलं की चॅनल सोडावा लागतो. कनेक्शन अचानक तुटण्यामागे कधीकधी हेच असतं. भिंती मात्र ५ ला जास्त अडवतात. दोन भिंतींपलीकडे २.४ बरा.

उरलेलं
स्लीपमधून उठल्यावर कधीकधी डोंगल दिसतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवरची वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी टिक काढली आहे. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून शटडाउनला ते पूर्ण बंद न करणारी सोय) अजून चालूच ठेवलंय. टिक काढून भागलं नाही तर पुढची पाळी त्याची.