बिनसेकंदाचं घड्याळ

मागच्या मंगळवारी दुपारी एक बाई रुमालात बांधलेलं घड्याळ घेऊन आल्या. "काका, बाबांचं आहे. ते गेल्यापासून कपाटातच होतं. दोन दुकानांत मशीन बदला म्हणाले, साडेतीनशेत होईल."

होतंच की. प्लास्टिकचं मशीन टाकायचं, डायलचे पाय छाटायचे आणि डायल गमने चिकटवायची. हल्ली यालाच रिपेरिंग म्हणतात.

घड्याळ टायटनचं, होसूरच्या कारखान्याच्या सुरुवातीच्या काळातलं. सोन्याचं पाणी, पांढरी डायल, दोनच काटे. तेव्हा असं घड्याळ जावयाला मिळालं की तो बाही जरा वरच ठेवायचा. खरं तर ते बाहीखाली जावं म्हणूनच इतकं पातळ. सेकंदकाटा नाही, त्यामुळे घाईही नाही. मिनिटकाटा वीस सेकंदांनी एकदा इवलासा सरकतो. गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही, "बंदच आहे" म्हणून परत पुढे करतं. आत मात्र धातूची प्लेट आणि स्क्रू. पुढे कधीतरी कोणीतरी हे उघडणार, असं धरून बनवलेलं.

झाकण काढलं तर सेल फुटलेला, पट्टीवर हिरवट खार. मीटर लावला. काटे फिरवणारी ही तारेची कॉइल चांगली असेल तर दीड-दोन हजार ओम दाखवते; इथे काहीच नाही. म्हणजे तार तुटली. ही तार केसापेक्षा बारीक असते, श्वास लागला तरी हलते. व्हिनेगरचा थेंब काडीने लावून खार मारला, स्पिरिटने पुसलं, मग भिंगाखाली तुटलेलं टोक शोधलं. नशिबाने बाहेरच्याच वेढ्यात होतं. एक वेढा सोडवला, वार्निश खरवडलं, डाग दिला. अडीच तास गेले, चहा दोनदा गार झाला. सिल्व्हरचा सेल घालून टेस्टरवर ठेवलं आणि ठोके ऐकू आले. सेकंदाला 32,768 वेळा थरथरून वेळ राखणारा आतला क्वार्ट्झ क्रिस्टल इतकी वर्षं ठणठणीत होता, फक्त त्याला कोणी सेल देत नव्हतं.

मग झाकण पुसायला घेतलं. आम्ही घड्याळजी सेल बदलला की झाकणाच्या आत सुईने तारीख आणि आपली खूण कोरतो. आत एकच तारीख होती, 4/09. शेजारी माझी खूण.

फुटलेला सेल मघाशी ताटलीत टाकला होता, तो उलटा करून पाहिला. एजी 1. स्वस्तातला अल्कलाइन, लवकर फुटणारा. तेव्हा सगळा बाजार तोच घालायचा आणि 'ओरिजिनल' म्हणून पैसे घ्यायचा. मीही. त्यांचे बाबा मला आठवत नाहीत. बंद घड्याळात वर्षानुवर्षं राहिला तर चांगला सेलही कधी कधी फुटतो, हे खरं आहे. त्या दिवसापासून मी ते स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय.

संध्याकाळी बाई आल्या. घड्याळ कानाला लावलं, मग डायलकडे बघत राहिल्या. वीस सेकंद थांबल्या. काटा सरकला तसे त्यांचे डोळे भरले.

"किती झाले, काका?"

"सेलचे ऐंशी द्या."

"एवढ्या कामाचे? अशी माणसं राहिली नाहीत हो आता."

मी गल्ला उघडून सुटे शोधत बसलो.

शनिवारी त्यांनी पाठवलेले दोघं आले, "तुम्ही प्रामाणिक आहात असं कळलं" म्हणाले. ड्रॉवरमध्ये एजीच्या दोन पट्ट्या अजून पडून आहेत.