तिसऱ्या प्रयोगावरची टीका आणि आमची नोंदवही

सोमवारी निर्मात्यांनी तालमीच्या हॉलवर सगळ्यांना बोलावलं, तोवर आमच्या नव्या नाटकावर टीका करणारी ती पोस्ट बहुतेकांनी वाचली होती. लिहिणारा दुसऱ्या एका चालू नाटकातला नट, कामाला पक्का आणि वाचणारा. रविवारी रात्री आमच्या तिसऱ्या प्रयोगाला तो पासावर आला, प्रयोगानंतर रंगपटात सगळ्यांना भेटून ‘मस्त झाला’ म्हणाला आणि मध्यरात्रीनंतर सहा मुद्द्यांची टीका टाकून मोकळा झाला. शेवटचं वाक्य होतं, ‘असली नाटकं बंदच व्हायला हवीत.’

बैठकीत पहिला सूर एकच निघाला. एका रंगकर्मीने दुसऱ्याच्या नाटकावर जाहीर बोलूच नये, सगळ्यांची पोटं याच धंद्यावर आहेत. लाइटवाला, मेकअपमन, बॅकस्टेजची पोरं नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या पैशांवर, काम करतात; आज आमच्याकडे, उद्या त्याच्या नाटकात. एकाचं बुकिंग पडलं की दोघांकडची नाईट जाते. हे सगळं खरं आहे, तरी बंदी मला मान्य नाही. वर्तमानपत्रांत नाट्यपरीक्षणाला फारशी जागा उरलेली नाही. प्रेक्षकापर्यंत पोचते ती जाहिरात आणि मित्रमंडळींचं कौतुक. अशा वेळी ज्यांना खरंच कळतं त्यांनीच गप्प बसायचं, तर नाटक सुधारणार कुठून? फक्त रंगकर्मीच्या टीकेची कसोटी वेगळी हवी. सिनेमातला दोष सिनेमा तयार झाल्यावर कायमचा राहतो. रंगमंचावर दिसलेला दोष नाटकाचा असू शकतो, त्या रात्रीचा असू शकतो किंवा त्या थिएटरचाही. सामान्य प्रेक्षकाने हा फरक करावा अशी अपेक्षा नाही. नटाने मात्र करायलाच हवा.

रंगमंच व्यवस्थापक म्हणून प्रयोगाची नोंदवही माझ्याकडे असते. पडदा किती वाजता उघडला, मध्यंतर किती मिनिटं झालं, प्रवेशाचा कोणता बदल किती सेकंदांत झाला, कुठला क्यू (दिव्याचा किंवा आवाजाचा ठरलेला इशारा) चुकला, कोणता माइक गेला, हे प्रत्येक प्रयोगाला लिहिलं जातं. उत्तर काय द्यायचं यावर आवाज चढायला लागले तेव्हा आम्ही वही उघडली आणि पोस्टचा एकेक मुद्दा तिच्याशी ताडून पाहिला.

पहिला मुद्दा प्रकाशाचा. शेवटच्या प्रवेशात नायिका जिन्याच्या वरच्या पायरीवर अर्ध्या अंधारात उभी होती, तेव्हा ‘प्रकाशयोजनाकाराला शेवट कळलेलाच नाही’ असा निष्कर्ष. वहीत काय होतं? त्या थिएटरला दुपारचं नाटक 7:20 ला सुटलं, त्यांचा सेट निघेपर्यंत 7:45. आमच्या सेटला नीट लावायला सव्वा तास लागतो, त्यानंतर लाइट फोकस करायला अर्धा तास. प्रयोगाची जाहीर वेळ 8:30. सेट उभा राहिला 8:40 ला, तिसरी घंटा 8:50 ला. उरलेल्या दहा मिनिटांत समोरचे दिवे तेवढे फोकस करून झाले. जिन्यावरचे दोन प्रोफाइल (नेमक्या जागी झोत टाकणारे दिवे) आदल्या नाटकाच्याच कोनात राहिले. शिडी लावून ते फिरवायला वेळच नव्हता. म्हणजे अंधार खरा, निष्कर्ष चुकीचा. नटाने इथे इतकं तरी विचारायचं: दुपारी या थिएटरला नाटक होतं का, पडदा उशिरा उघडला का? रविवारी तीन-तीन नाटकं एका रंगमंचावर होतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

दुसरा मुद्दा आवाजाचा: नायिकेचे संवाद पोचत नाहीत, तिचा आवाज रंगमंचाचा नाही. आपण मागून तिसऱ्या रांगेत बसलो होतो, असं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, म्हणून शोध सोपा झाला. त्या रांगा बाल्कनीखाली येतात. वरचं छत खाली उतरलेलं असल्यामुळे तिथे आवाज मुळातच दबतो. त्या रात्री रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या तीन फूट माइकपैकी मधला मेला होता. टांगलेल्या माइकचा गेन (आवाज टिपण्याची पातळी) वाढवला तर स्पीकर शिट्टी मारायला लागला, म्हणून तो पुन्हा खाली आणावा लागला. इतकं सगळं थिएटरच्या माथी मारता येतं. तरी मागचे प्रयोग तपासले तर पहिल्या दोन्ही रात्रींच्या नोंदीतही नायिकेचे तेच दोन संवाद न पोचल्याचं लिहिलेलं होतं, आणि त्या दोन्ही वेळा माइक ठीक होते. ते संवाद ती प्रेक्षकांकडे पाठ करून, कपाट आवरताना बोलते. दोष हालचालींच्या आखणीचा होता. तिच्या आवाजावर घाव घालणं अन्यायाचं होतं; मुद्दा मात्र निम्मा बरोबर ठरला.

तिसरा मुद्दा पूर्ण बरोबर. दुसऱ्या अंकात प्रवेश बदलताना काळोख फार लांबतो. ठरवलेला काळोख 20 सेकंदांचा, त्या रात्री लागले 48. तिथली उजवी विंग (रंगमंचाच्या बाजूची, प्रेक्षकांना न दिसणारी जागा) अरुंद, चार फूट रुंदीचा चाकांचा जिना सरळ आत जाईना, वळवून घ्यावा लागला. आमच्या नेपथ्याच्या माणसाने थिएटरला दोष दिला, पण दौऱ्याच्या नाटकाचा सेट सर्वांत लहान रंगमंचाच्या मापाने बांधायचा असतो. मोठ्या थिएटरला तालीम करून तेच माप धरलं की हे होणारच. पुढच्या आठवड्यात जिना मधोमध कापून बिजागऱ्यांनी जोडला. आता खीळ ओढली की दोन भाग होतात आणि दोघे जण दोन विंगांत नेतात.

चौथा मुद्दा पत्रांच्या प्रवेशाचा. 14 मिनिटांत प्रेक्षकाला आधीच कळलेलंच पुन्हा सांगितलं जातं, असं त्याने नेमक्या वाक्यांसह लिहिलं होतं. लेखक नाराज झाले, पण त्या प्रवेशात प्रेक्षक खोकायला लागतात हे विंगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पुढे तो प्रवेश सहा मिनिटांवर आला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. नवं नाटक सुरुवातीच्या प्रयोगांत छाटलं जातंच, त्यामुळे पहिल्या आठवड्यात लांबीवर लिहिलेलं महिन्याभराने आलेल्या प्रेक्षकाला लागू पडत नाही. प्रयोग कितवा होता ते लिहिलं नाही, तर खरी टीकासुद्धा खोटी ठरते.

पाचवा मुद्दा सरळ वाईट होता. ऑनलाइन प्लॅनचा, म्हणजे विकल्या-न विकल्या गेलेल्या खुर्च्यांच्या नकाशाचा, फोटो टाकून ‘प्रेक्षकांनी निकाल दिलेलाच आहे’ असं लिहिलेलं. खिडकीवरच्या तिकिटांसाठी राखलेल्या रांगा, संस्थेने एकदम घेतलेले प्रयोग, निर्मात्याने अडवलेल्या खुर्च्या यांमुळे तो प्लॅन बाहेरच्या माणसाला वाचताच येत नाही. शिवाय गर्दी म्हणजे दर्जा नव्हे, हे नटाला सांगायला लागू नये. दुसऱ्याच्या बुकिंगवर रंगकर्मीने कधीच बोलू नये.

आणि सहावा मुद्दा, ते शेवटचं ‘बंद करा’चं वाक्य. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात आलं. बाहेर विरोध पेटलेला होताच, पण 19 प्रयोगांनंतर ते थांबवण्याचा निर्णय ते सादर करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्येच झाला. नाटक जगवू पाहणारी मंडळी बाहेर पडली, 1973 मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी उभी राहिली आणि प्रयोग पुन्हा सुरू झाले. नाटक वाईट आहे, खोटं आहे, इतिहासाशी बेइमान आहे, असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला असावा. ते थांबवा म्हणण्याचा हक्क रंगकर्मीने स्वतःहून सोडावा, कारण उद्या तीच मागणी घेऊन येणाऱ्यांसमोर त्याच्या जवळ उत्तर राहत नाही.

निर्मात्यांना संघटनेकडे तक्रार करायची होती. दिग्दर्शकाने त्याऐवजी त्या नटाला फोन केला, सोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवले. रंगपटात वेगळं आणि पोस्टमध्ये वेगळं का, हा एकच प्रश्न त्याला टोचला. रंगपटात घामाने निथळणाऱ्या नटासमोर उणीदुणी काढायची नसतात, हे मलाही मान्य आहे. पण मग तिथे ‘उद्या फोन करतो’ एवढंच म्हणावं. खोटं ‘मस्त’ देऊ नये. आणि लिहिण्याआधी तो फोन खरंच करावा.

त्याने पोस्ट काढली नाही. प्रकाशाचा आणि बुकिंगचा मुद्दा मागे घेतल्याचं वर ठळक लिहिलं, प्रयोग तिसरा होता आणि आपण पासावर गेलो होतो हेही घातलं. नवव्या प्रयोगाला तो तिकीट काढून आला, पाचव्या रांगेत बसला. काळोख आटोपशीर झाला, पत्रांचा प्रवेश आता पेलतो, असं लिहून पुढे त्याने शेवटावर पुन्हा बोट ठेवलं: उजेडात पाहिला तरी नायिकेचा निर्णय दुसऱ्या अंकातून उगवत नाही. आमच्या दिग्दर्शकाने तिथेच जाहीर उत्तर दिलं की पहिल्या अंकातल्या जेवणाच्या प्रवेशातच तो निर्णय झालेला आहे. दोघांनी संवाद उद्धृत करून मांडणी केली. दोघेही अजून आपापल्या मतावर ठाम आहेत.