बाकी नाही, तरी लाल

हिशेबाच्या शीटमधले बहुतेक रकाने शिस्तीचे असतात. तारीख, पार्टी, डझन, रक्कम. माणूस बोलतो तो शेऱ्याच्या रकान्यात. 'बाकी', 'दिवाळीनंतर बघू म्हणाले', 'दुसऱ्या दर्जाचा माल, भाव कमी', असं काहीही.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या शीटला हा शेरा वाचून अख्खी ओळ रंगवणारा एक मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये लिहून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम, आहे. बटण दाबलं की बाकीवाले लाल, दुसऱ्या दर्जाचा माल पिवळा. तो लिहिणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेला. 'तुला कॉम्प्युटरातलं कळतं' एवढ्या पात्रतेवर मॅक्रो माझ्याकडे आला. नव्या एक्सेलमध्ये हे काम कंडिशनल फॉरमॅटिंगनेही, म्हणजे अट घालून रंग देण्याच्या सोयीनेही, होतं. पण २००३ च्या एक्सेलपर्यंत एका जागी तीनच अटी घालता यायच्या, त्या काळात लोकांनी मॅक्रो धरले आणि ते वारशासारखे पुढे आले. चालणारी वस्तू धंद्यात कोणी बदलत नाही.

मामांची पहिली तक्रार रास्त होती. "ह्यानं पैन् पै दिली की रे. ह्याला लाल कशाला केलंय?"

त्या पार्टीचा शेरा होता 'बाकी नाही'. शेऱ्यात 'बाकी' हा शब्द कुठेतरी आहे का, एवढंच मॅक्रो बघत होता. होता की! पुढचं 'नाही' वाचायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. चोख पैसे देणारे सगळे त्यामुळे उधारीवाल्यांच्या रांगेत उभे होते. इलाज सोपा: 'बाकी नाही' आधी तपासायचं, 'बाकी' नंतर.

दुसरी भानगड पिवळ्या रंगाची. 'दुसऱ्या दर्जाचा' असं लिहिलेल्या दोन ओळी एकाखाली एक. एक पिवळी झालेली, दुसरी पांढरीफटक. मुनीमजींनी चष्मा पुसून पाहिलं, फरक शून्य. मग मी शेजारच्या रकान्यात फक्त त्या शब्दाची लांबी मोजायला लावली. एका 'दुसऱ्या'त सात चिन्हं निघाली, दुसऱ्यात आठ. हा आपल्या मराठीचाच प्रसाद. आपला 'ऱ्या' दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत टिंबवाला ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. ऑफिसातला कॉम्प्युटर एका रीतीचा, गोदामातल्या पोराचा मोबाइल दुसऱ्या. मॅक्रोला एकच रीत माहीत.

आणि माहीत तरी कशी, तर आकड्यांत. मॅक्रो लिहायच्या खिडकीत देवनागरी टिकत नाही, शब्दाच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून त्या मुलाने 'बाकी' लिहिताना २३४८, २३६६, २३२५, २३६८ असे एकेका अक्षराचे क्रमांक टाकून ठेवले होते. उधारीला इतकं गुप्त रूप सोलापुरात आजवर कोणी दिलं नसेल. चिकाटी मात्र मानली पाहिजे.

हे सगळं मी मामांना समजावत होतो, तेव्हा कारखान्यातले जुने जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, चहा घेत उभे होते. घरी तेलुगू, मागावर मराठी, आणि उभं आयुष्य जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर. ते म्हणाले, "कार्डात भोक नाही, धागा कसा उचलेल?"

माझ्या लांबलचक भाषणापेक्षा हे बरं होतं. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जाकारने माग चालवायला भोकं पाडलेली कार्डं लावली. भोक असेल तर उभा धागा उचलला जातो, नसेल तर जागेवर राहतो. चादरीवरची नक्षी अशीच उठते. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत माणसं मोजायला अशीच भोकांची कार्डं वापरली गेली, आणि पहिल्या पिढ्यांच्या कॉम्प्युटरांनाही कामं कार्डांवरूनच सांगत. म्हणजे जॉबरकाका या खात्यात मला बरेच सीनियर.

मॅक्रोतले आकडे मग मी काढून टाकले. 'शब्द' नावाचं वेगळं शीट केलं आणि मॅक्रोला तिथून वाचून अख्खा शेरा जुळवायला लावलं. सेलमध्ये देवनागरी सुखाने नांदते. लोकांना एकसारखं लिहायला शिकवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. ते शीट आता वाचनीय झालं आहे. मुनीमजींचं 'बाकी' पूर्णविरामासकट, कारण ते शेराही पत्रासारखा संपवतात. गोदामातल्या पोराचं ऱ्हस्व 'बाकि'. मामांचं नुसतं 'बा.'. एका 'बाकी'च्या मागे मोकळी जागा, तीही साध्या सफाईने न निघणारी, दुसरीकडून कॉपी करताना आलेली. प्रत्येकाला यादीत जागा आहे, व्याकरणाचा प्रश्न नाही.

मॅक्रो चालल्यावर मागचं अनडू करता येत नाही, म्हणून मुनीमजी आधी फाइलची प्रत काढून ठेवतात. मग बटण दाबतात, ओळी रंगतात, आणि ते प्रिंट काढतात. ऑफिसातला प्रिंटर काळा-पांढरा. त्यामुळे पडद्याकडे बघत बघत, लाल असलेल्या प्रत्येक ओळीवर ते कागदावर पेनाने फुली मारतात.