एंडगेमची पहाट, बूथमधून

चित्रपट आमच्या थिएटरच्या सर्व्हरवर येऊन पडलेला असतो, तरी त्यातली एक चौकटसुद्धा आम्हाला पाहता येत नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. हार्ड डिस्कवरून भरून घेतला तरी तो कुलूपबंदच असतो. तो उघडणारी डिजिटल चावी, म्हणजे ‘की’, वेगळी, ई-मेलने येते. ती एकाच सर्व्हरला चालते आणि ठरलेल्या वेळेआधी उघडत नाही. म्हणून २६ एप्रिल २०१९ ला ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’चा पहाटेचा खेळ सुरू झाला, तेव्हा प्रोजेक्टरच्या बूथमधला मी आणि खालची भरगच्च ऑडी, म्हणजे प्रेक्षागृह, तो बरोबरच पहिल्यांदा पाहत होतो. तेव्हा रात्रभर खेळ लावायची मुभा होती. त्या मुभेचा खरा कस त्या आठवड्यात लागला.

वाद मध्यंतरावरून झाला. परदेशी चित्रपटात मध्यंतर नसतं, ते आम्ही पाडतो. प्लेलिस्टमध्ये वेळ टाकून क्यू (थांबण्याचा इशारा) दिला की चित्र थांबतं, दिवे लागतात. हा चित्रपट १८१ मिनिटांचा. वितरकाकडून आलेली वेळ मध्याच्या बरीच आधीची होती आणि मॅनेजर साहेबांना ती नेमकी मधोमध हवी होती, कारण उशिरा सुटलेलं पब्लिक कॅन्टीनवर जास्त तुटून पडतं. न पाहिलेल्या चित्रपटासाठी मी भांडलो आणि सुचवलेली वेळच ठेवली. सगळे जण भूतकाळात जायला निघतात, तिथे मध्यंतर पडलं. मधोमध घेतलं असतं तर टोनी, म्हणजे आयर्न मॅन, १९७० सालात आपल्या वडिलांना भेटतो त्याच्या आसपास कात्री लागली असती. मध्यंतर हा कॅन्टीनचा हिशेब नाही, तो कथेतला श्वास आहे, हे या धंद्यात अजून किती जणांना सांगावं लागणार कुणास ठाऊक.

खरी गोष्ट पहिल्या तासाची. या मालिकेतल्या आधीच्या एकवीस चित्रपटांची पुण्याई, वर्षभराची वाट, शेवट फोडू नका म्हणून दिग्दर्शक रुसो बंधूंनी काढलेलं जाहीर पत्र. एवढ्या गाजावाजानंतर पोरं युद्ध पाहायला आली होती आणि आधीच्या चित्रपटात अर्धी जीवसृष्टी पुसून टाकणारा खलनायक थॅनोस सुरुवातीलाच मारला गेला. मग ‘पाच वर्षांनंतर’. हरलेली माणसं, सुनी शहरं, आपल्या माणसांना मुकलेल्यांच्या गटात बसलेला कॅप्टन अमेरिका. गेलेल्यांच्या स्मारकावर स्वतःचंच नाव वाचून स्कॉट, म्हणजे अँट-मॅन, घरी धावतो आणि दार उघडते ती त्याच्या माघारी मोठी झालेली लेक. सुपरहिरोच्या चित्रपटात शोकाला इतकी ऐसपैस जागा मिळालेली मी कधी पाहिली नव्हती. खालून निरोप आला, “दादा, आवाज वाढवायला सांगतायत.” मी वाढवला नाही. साउंड मिक्सच दबका होता. ती शांतता रचणाऱ्यांनी विचार करून रचली होती.

शेवटच्या तासाला मात्र आवाज कमी-जास्त करणाऱ्या माझ्या फेडरला काही अर्थच उरला नाही. कॅप्टनच्या हातात थॉरचा हातोडा आला आणि शिट्ट्यांनी बूथची काच थरथरली. पुढची कित्येक वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. माझ्याही अंगावर काटा आला.

पण लढाई दिसत होती का? २डी खेळात पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट उजेड असावा असा दंडक आहे. ३डीत साडेचारच्या आसपास समाधान मानतात. त्यात प्रोजेक्टरचा झेनॉन लॅम्प मुदतीपलीकडे चालवून पैसे वाचवायची आमच्याकडची रीत. राखाडी धूळ, तपकिरी धूर, त्यावर काळसर चष्मा. लोकांनी पूर्ण पैसे मोजले आणि अर्धं युद्ध चाचपडत पाहिलं, याचा मला आजही राग येतो. पुढे नव्या लॅम्पवर २डी खेळ पाहिला, तेव्हाही ते रणांगण गढूळच होतं. म्हणजे दोष एकट्या लॅम्पचा नव्हता. गर्दी उभी केली, पण कोण कुठे लढतंय हे कळत नाही. सगळ्या नायिका एका रांगेत येतात तो क्षणही लढाईतून उगवलेला वाटत नाही, पोस्टरसाठी उभा केल्यासारखा वाटतो.

श्रेयनामावली सुरू झाली तरी कुणी उठेना. सफाईच्या मावशी दारात खोळंबल्या, पुढच्या खेळाचं पब्लिक जिन्यात. शेवटी नवं दृश्य नव्हतंच, फक्त लोखंडावर घाव पडल्याचा आवाज. तो ऐकूनही टाळ्या पडल्या.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी जवळपास रिकाम्या ऑडीत तोच चित्रपट लावला. पहिला तास अधिक खोल उतरला, लढाई लांबलेली वाटली. थॉरचं सुटलेलं पोट पहाटे हशा घेऊन गेलं होतं. रिकाम्या ऑडीत ते मनाने खचलेल्या माणसाची चेष्टा वाटली. नताशा, म्हणजे ब्लॅक विडो, जीव देते आणि तिच्या वाट्याला धड निरोपही येत नाही, तर टोनीच्या अंत्ययात्रेला सगळे हजर. आणि भूतकाळ बदलला तरी आपलं वर्तमान बदलत नाही असं सांगितल्यावर म्हातारा कॅप्टन त्या बाकावर आला कसा, याचं उत्तर चित्रपट देत नाही.

माझा बूथमधला जोडीदार म्हणतो, असा चित्रपट भरल्या ऑडीतच तोलायचा, रिकाम्या खुर्च्यांना कसलं मत. त्याचं सगळं मला पटत नाही. शिट्ट्यांनी लढाईला तारलं, हे मी मान्य करतो. पण स्कॉटच्या लेकीने दार उघडलं तेव्हा ऑडीत कुणी शिट्टी मारली नव्हती, आणि दोन्ही वेळा तो प्रसंग तेवढ्याच ताकदीने उभा राहिला.